ओबेसम आणि अरेबिकम: गोव्याच्या हवेत अडेनियमच्या दोन तऱ्हा

प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याला घर, पूर्वेकडे उघडी बाल्कनी, वर गच्ची. दोन अडेनियम (फुगीर बुंध्याचं, कुंडीत वाढवायचं फुलझाड) आणली, एक दुहेरी गुलाबी फुलांचं ओबेसम आणि एक अरेबिकम. माती तीच, जागा तीच, पाणी एकाच दिवशी. ऑक्टोबरात दोन्हींची छाटणी केली. जानेवारीत अरेबिकमची पानं झडली म्हणून पाणी वाढवलं, तर फेब्रुवारीत बुंधा एका बाजूने मऊ पडला. ओबेसमला जुलैत कळ्या येतात आणि गळून जातात. चुकतंय कुठे, आणि पुढचं झाड यांपैकी कोणतं घ्यावं?

माती थोडी सुधारावी लागेल, पण खरी चूक वेळापत्रकाची आहे. ओबेसम गोव्याच्या हवेत जवळजवळ वर्षभर चालू राहतं. अरेबिकम थंडीत स्वतःहून थांबतं, आणि त्याला थांबू द्यावं लागतं. एकाचं वेळापत्रक दुसऱ्याला लावलं की एकाची फुलं जातात आणि दुसऱ्याचा बुंधा.

आधी दोघांचं नातं. पेटर फोर्सकॉल हा निसर्गअभ्यासक १७६१ मध्ये निघालेल्या डॅनिश मोहिमेबरोबर येमेनला गेला आणि १७६३ मध्ये तिथेच मलेरियाने वारला. त्याची टिपणं १७७५ मध्ये छापली गेली. त्यांत हे झाड ‘नेरियम ओबेसम’, म्हणजे लठ्ठ कण्हेर, म्हणून नोंदलं आहे. कण्हेर म्हणण्यात तो फार चुकला नव्हता. कण्हेर, चाफा, तगर, सदाफुली, सातवीण आणि अडेनियम, सगळी एकाच कुळातली. अडेनियम हे नाव नंतर एडनवरून पडलं. ओबेसमचा मुलूख मोठा आहे: सेनेगलपासून सुदानपर्यंतचा कोरडा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि पलीकडे अरबस्तान. अरेबिकम मात्र अरबी द्वीपकल्पाच्या नैऋत्य कोपऱ्यातलं, येमेन आणि सौदीच्या खडकाळ उतारांवरचं. आयझॅक बेली बाल्फोर यांनी त्याला वेगळं नाव दिलं. काही वनस्पतिशास्त्रज्ञ आजही ते वेगळी प्रजाती मानत नाहीत, ओबेसममध्येच धरतात. तो वाद त्यांच्याकडे राहू द्या. कुंडीत दोघांची वागणूक इतकी वेगळी आहे की माळ्याने त्यांना दोनच धरावं.

एक गोष्ट मात्र त्या वादातून लक्षात ठेवण्यासारखी: दोघांचा संकर अगदी सहज होतो. त्यामुळे रोपवाटिकेत ‘अरेबिकम’ म्हणून मिळणारं रोप अर्धंमुर्धं ओबेसमही असू शकतं. लेबलावर विसंबू नका. पान उलटं करून अंगठ्याने हलकेच चोळा. अरेबिकमच्या पानाला मखमलीसारखी बारीक लव लागते, पान रुंद आणि जाड असतं, तब्येतीत असलेल्या झाडावर तळहाताएवढंही होतं. ओबेसमचं पान गुळगुळीत, चकचकीत, अरुंद, टोकाकडे रुंदावत गेलेलं. मग बुंध्याकडे बघा, म्हणजे ज्याला सगळे कॉडेक्स म्हणतात तो भाग. बियांपासून वाढलेलं सहा-आठ महिन्यांचं ओबेसम बाटलीसारखं असतं: खाली फुगीर आणि वर एकच सरळ खोड. त्याच वयाचं अरेबिकम बसकं, आणि जमिनीलगतच तीन-चार फांद्या फुटू लागलेल्या. तरुण फांद्यांवर बऱ्याचदा जांभळट-तपकिरी झाक असते. राचिनी पांडोक, पेच बान ना, याक सौदी या थायलंडहून आलेल्या नावांची रोपं अरेबिकमच्या बाजूची. पहिल्याच्या फांद्या बारीक आणि दाट, याक सौदी नावाप्रमाणे थोराड (थाईत ‘याक’ म्हणजे राक्षस).

फुलांचं म्हणाल तर रंगांची सगळी चैन ओबेसमकडे आहे. पांढरा, पिवळा, जवळजवळ काळा लाल, कडांना रेघ असलेली, दुहेरी, तिहेरी. पण ही झाडं कलमी असतात, कारण बियांतून तंतोतंत तसं फूल येत नाही. खालचा बुंधा साध्या बी-रोपाचा, वर हव्या त्या जातीची फांदी. तुमच्या दुहेरी गुलाबीच्या खोडावर आडवी किंवा ‘व्ही’सारखी पुसट रेघ दिसेल, तो जोड. जोडाखालून जे फुटवे येतात ते साध्या एकेरी फुलांचे असतात आणि कलमापेक्षा जोरकस वाढतात. हाताने मुळापासून खुडत राहा. नाहीतर दोनेक वर्षांत दुहेरीचं झाड आपोआप एकेरी झालेलं दिसेल आणि दोष खताला दिला जाईल. अरेबिकमची फुलं बहुधा एकेरी, गुलाबी. ते झाड घ्यायचं ते अंगासाठी.

आता वर्षाचा हिशेब.

ओबेसमची छाटणी हस्ताचा पाऊस ओसरला की, साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर. दसरा हीच खूण धरली तरी फारसं बिघडत नाही, फक्त चार दिवस कोरडे गेलेले असावेत. अडेनियमला फूल नव्या वाढीच्या टोकाला येतं, म्हणून प्रत्येक फांदी १०-१५ सेंटीमीटर ठेवून कापा. कलमी झाडावर काप जोडाच्या वर किमान ५ सेंटीमीटर हवा. ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या, काप तिरका ठेवा आणि चीक थांबला की त्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची घट्ट पेस्ट लावा. आठ ते दहा आठवड्यांनी, म्हणजे नाताळच्या आसपास, कळ्या दिसतात. तिथून मेअखेरपर्यंत ते थांबून थांबून फुलत राहतं. फुटवे बोटभर झाल्यावर १९:१९:१९ हे विद्राव्य खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखं) लिटरला १ ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी. कळ्या धरू लागल्या की त्याऐवजी ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं खत) तेवढंच. शेणखत हात राखून. जास्त शेणखताने फांद्या लांबट, पोकळ आणि पानाळ होतात, आणि पावसात पहिल्यांदा त्याच सडतात.

अरेबिकमला ऑक्टोबरात कात्री लावायची नाही. नोव्हेंबर संपता संपता त्याची खालची पानं पिवळी पडायला लागतात आणि जानेवारीपर्यंत फांद्या उघड्या होतात. हा आजार नाही. फेब्रुवारीत त्याच उघड्या टोकांवर कळ्या बसतात, एप्रिलपर्यंत फुलं, आणि फुलांच्या मागोमाग नवी पालवी. ऑक्टोबरात फांद्या कापल्या म्हणजे फेब्रुवारीत जिथे फुलं यायची ती टोकंच काढून टाकली. त्याची छाटणी बहर ओसरल्यावर, एप्रिलमध्ये. फार तर मेच्या मध्यापर्यंत. मृगाच्या आत काप पूर्ण सुकलेले हवेत.

पाणी का नडलं तेही यातच आहे. पान असलेलं झाड पाणी ओढतं आणि पानांतून हवेत सोडतं. पानं गेली की हे ओढणं जवळजवळ बंद. तुम्ही ओतलेलं पाणी कुंडीत तसंच थांबलं, मुळांना हवा मिळेना, आणि अशा साचलेल्या ओलीत पिथियमसारख्या बुरशा वेगाने पसरतात. म्हणून पानं झडलेल्या अरेबिकमला बारा-पंधरा दिवसांनी एकदा, तेही कुंडीच्या कडेने, तांब्याभर पाणी पुरे. पेडणे ते काणकोण किनारपट्टीत थंडी इतकी सौम्य असते की कधी कधी अर्धीच पानं गळतात. मग पाणीही अर्धंच. पालवी चांगली बोटभर उघडली की हळूहळू वाढवत न्या. ओबेसमला नोव्हेंबर ते फेब्रुवारी तीन-चार दिवसांआड, मार्चनंतर एक दिवसाआड, सहा इंची कुंडी गच्चीवर असेल तर एप्रिल-मेमध्ये रोजसुद्धा. वारावर मात्र जाऊ नका. माडाच्या केरसुणीतली एक हीर काढून कुंडीच्या काठाशी तळापर्यंत खुपसा, मिनिटभर ठेवा आणि ओढून बघा. खालच्या चार बोटांना ओल किंवा कोकोपीटचे कण चिकटले असतील तर आज पाणी नाही. वरची खडी कोरडी दिसणं याला काही अर्थ नसतो.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांसाठी जोडून एक: मेमध्ये बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ होतं. पानांच्या कडा करपायला लागल्या तर आधी पाण्याची चव बघा, खत नंतर.

पावसाळा हा दोघांचाही कसोटीचा काळ. एडनला वर्षाकाठी १०० मिलिमीटरही पाऊस होत नाही. गोव्यात तो सुमारे ३००० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तरी नुसता पाऊस हाच शत्रू समजून झाड व्हरांड्यात आत नेऊन ठेवणं ही दुसरी चूक. तिथे उजेड नसतो, वारा नसतो, हवा मात्र ओलीच असते. दोन महिन्यांत फांद्या काठीसारख्या लांब होतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात मान टाकतात. हवं ते असं: वरून पाणी नाही, पण उजेड पूर्ण आणि चारही बाजूंनी वारा. गच्चीवर २०० मायक्रॉनचा पारदर्शक यूव्ही प्लॅस्टिक कागद किंवा पॉलिकार्बोनेट पत्रा, उताराने, झाडाच्या शेंड्यापासून दोन-अडीच फूट वर. बाजू उघड्या. घराघरांवर पावसाळ्यात जी निळी ताडपत्री चढते ती इथे उपयोगाची नाही, उजेड खाते. हिरवी शेडनेट पाऊस अडवत नाही, नुसते थेंब बारीक करते. आणि कौलांच्या पागोळ्यांखाली कुंडी ठेवणं हा झाड मारायचा सर्वात खात्रीचा उपाय: पाऊस थांबल्यावरही तिथे धार चालूच असते, तीही नेमकी बुंध्यावर.

तुमच्या जुलैतल्या कळ्यांचं कोडं इथेच सुटतं. ढगाळ आठवड्यांत झाडाकडे कळी पोसायला पुरेसा उजेड नसतो, आणि दुहेरी फुलाच्या पाकळ्यांत पाणी साचून कळी उघडण्याआधीच कुजते. त्यावर औषध शोधत बसू नका. जून ते ऑगस्ट कळ्या दिसल्या की खुडून टाका, खत बंद ठेवा. छपराखाली असेल तर पाणी आठ-दहा दिवसांनी, हीर बघून. खुडलेल्या कळ्यांचा वाचलेला जोर ऑक्टोबरातल्या फुटव्याला मिळतो.

अरेबिकम जुलैत उलट जोमात असतं. छपराखाली, उजेडात ठेवलेल्या झाडाला वर्षातली सर्वात मोठी पानं याच दिवसांत येतात. त्याचं दुखणं वेगळीकडे आहे. बुंधा बसका आणि पसरट, मुळं बाहेर आलेली, त्यांच्यामध्ये खोबणी. या खोबणींत गळलेली पानं, शेवाळ आणि ओली खडी अडकून राहते, आणि साल तिथून नरम पडते. बाहेरून काही दिसत नाही, कारण वर पान हिरवंगार असतं. दर दहा दिवसांनी जुन्या दातघासणीच्या ब्रशने त्या खोबणी कोरड्याच घासून साफ करा. बुंध्याला टेकलेली वरची इंचभर खडी पावसाळाभर बाजूला सारून ठेवली तर आणखी बरं.

मातीबद्दल थोडं. गोव्यात दोन चुका हमखास होतात. एक, किनाऱ्यावरची रेती: तिच्यात मीठ असतं, शिंपल्यांचा चुरा असतो, आणि ती इतकी बारीक की ओली झाल्यावर घट्ट बसते. दुसरी, चिरे कापतात तिथला जांभ्याचा भुगा. कोरडा असताना रवाळ वाटतो, दोन पावसांत त्याचा चिखल होतो. जांभ्याचे वाटाण्याएवढे कडक तुकडे चालतात, पण चाळून आणि भुगा पूर्ण धुऊन. ओबेसमसाठी दहा भागांचं मिश्रण असं करा: ४ भाग चाळलेली, धुतलेली ४-६ मिलिमीटरची खडी, ३ भाग नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे, २ भाग अर्धवट जळलेला भाताचा तूस किंवा कोळशाचे बारीक तुकडे, १ भाग मुरलेलं कंपोस्ट. अरेबिकमसाठी खडी ६ भाग, सोडण दीड, कोळसा दीड, कंपोस्ट १. सोडण आधी दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवा, त्यातला खारटपणा आणि तांबडा रंग जाऊ द्या. पावसाळी प्रदेशातलं पाणी मऊ आणि माती आम्लधर्मी, म्हणून आठ इंची कुंडीला चहाचा एक चमचा डोलोमाइट पूड मिसळावी.

कुंडी ओबेसमला नेहमीची, बुंध्यापेक्षा चार बोटं रुंद. अरेबिकमला उथळ आणि पसरट, १२-१५ सेंटीमीटर खोल. तिची भोकं चार तरी, बोट जाईल एवढी. खाली बशी नको. चिऱ्यावर ठेवण्याची पद्धत आहे, पण चिरा पाणी पितो आणि भोकाखाली ओल धरून ठेवतो. लोखंडी स्टँड किंवा कौलाचे तीन तुकडे बरे.

कुंडी बदलणं आणि बुंधा वर उचलणं दोघांचंही मार्च-एप्रिलमध्ये. एका वेळी दोन-तीन सेंटीमीटर, त्याहून जास्त नाही, कारण मातीतून बाहेर आलेली कोवळी साल मेच्या उन्हात भाजते. पहिले पंधरा दिवस तिला दुपारची सावली द्या. अरेबिकमची खाली जाणारी जाड मुळं कापून बाकीची एका सपाट टाइलवर पसरवून बसवली की दोन-तीन वर्षांत ती थाळीसारखी रुंद होतात. मुळं कापल्यावर झाड सावलीत पाच-सात दिवस उघडं सुकवा, मग लावा, आणि लावल्यावर आणखी पाच-सहा दिवस पाणी नाही.

मऊ पडलेल्या बुंध्याचं काय? आधी तो सडलाय की तहानलाय हे ठरवा. तहानलेला बुंधा सगळीकडून सारखा दबतो, सालीला सुरकुत्या येतात, वास नसतो. सडलेला एका जागी दबतो, साल बोटाखाली सरकते, आंबूस वास येतो आणि कधी तपकिरी पाणी सुटतं. तुम्ही सांगता ते दुसऱ्या प्रकारात बसतं. कुंडीतून काढा, मुळं धुवा, आणि धारदार ब्लेडने सडका भाग कापत न्या, प्रत्येक कापानंतर ब्लेड स्पिरिटने पुसून. कापलेली जागा पूर्ण पांढरी, कडक दिसली की थांबा. त्यात एक जरी तपकिरी ठिपका किंवा कडी राहिली तर सड आठवड्यात परत येते. लोक इथेच हात आखडतात आणि झाड गमावतात. मग कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड चोळून झाड उलटं टांगा. कोरड्या महिन्यांत दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात हवेतली ओल इतकी असते की जखम सुकतच नाही, तेव्हा घरात पंख्याखाली ठेवावं लागतं, पंधरवडा तरी.

औषधाच्या दुकानात बुरशी म्हटलं की सहसा कार्बेन्डाझिम हातात येतं. पिथियम आणि फायटोप्थोरा या मुळं कुजवणाऱ्या बुरशांवर ते चालत नाही. पावसाळ्यातल्या मूळकुजीसाठी मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेब, लिटरला २ ग्रॅम, कुंडीत ओतावं. मेअखेर एकदा आणि जुलैच्या मध्यावर एकदा. हातमोजे घाला. झाडाचा चीकही तसा साधा नाही: त्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आहेत आणि आफ्रिकेत तो बाणांना लावायचं विष म्हणून वापरला जाई. छाटणीनंतर हात साबणाने धुवा, फांद्या गुरांच्या तोंडी लागतील अशा टाकू नका.

किडींत एकच सांगण्यासारखी, बाकीच्या सगळीकडे असतात तशाच. एका रात्रीत फांदीची पानं देठासकट नाहीशी झाली आणि खाली काळपट हिरव्या लेंड्या पडलेल्या दिसल्या, तर ती कण्हेरीवरच्या पतंगाची अळी. बोटाएवढी जाड, हिरवी, डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके. तगरीवर आणि सदाफुलीवरही हीच असते, म्हणून शेजारी ती झाडं असतील तर तिथेही शोधा. टॉर्च घेऊन रात्री हाताने वेचली की काम झालं, फवारणीची गरज नाही. उन्हाळ्यात पानांवर बारीक फिकट ठिपके आले तर लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूवर सलग तीन-चार दिवस जोरात पाणी मारा, तेवढ्याने न गेला तर विद्राव्य गंधक लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी.

पुढचं झाड कोणतं? पूर्वेच्या बाल्कनीत अकरापर्यंतच ऊन असेल तर ओबेसम, आणि तेही एकेरी फुलांचं. ते चार-पाच तासांच्या उन्हातही थोडंफार फुलतं, आणि त्याच्या फुलात पाणी साचत नाही. अरेबिकम तिथे ठेवलं तर पानं मोठी येतील, फांद्या लांब होतील आणि फूल क्वचित. त्याचा बसका आकार हवा असेल तर गच्ची, दिवसाला सहा तासांच्या वर ऊन आणि पावसाळ्यात वर पारदर्शक छप्पर, एवढी तयारी आधी करा. नव्याने सुरू करणाऱ्याने पहिल्या वर्षी ओबेसमच घ्यावं असं माझं मत आहे. ते चुकीच्या पाण्याचीही लवकर चाहूल देतं, पान पिवळं करून. उघडं अरेबिकम काहीच सांगत नाही.

खरेदी नोव्हेंबर ते मार्च. जूनमध्ये सवलतीत मिळणारं रोप बहुधा पाऊस खाल्लेलं असतं. फेब्रुवारीत गेलात तर अरेबिकम फुलांसकट आणि पानांशिवाय दिसेल. पानं नसलेलं म्हणून ते बाजूला सारू नका, पण पानाची लव बघता येणार नाही, तेव्हा बुंधा चारही बाजूंनी अंगठ्याने दाबून बघा आणि कुंडी उचलून भोकातून डोकावा. तिथे पांढरी मुळं दिसली तर घ्या. काळी, दोऱ्यासारखी दिसली तर तशीच खाली ठेवा.